पुढे चला...

परवा एका जुन्या मित्राचा फोन आला. बऱ्याच वर्षांनी मुंबईत आला होता, दादरला भावाकडे उतरला होता. "संध्याकाळी येतोस का?" म्हणाला. म्हटलं, "येतो की. सहाची बस मिळाली तर सातपर्यंत पोचतो."

पलीकडे दोन क्षण शांतता. मग काळजीच्या सुरात, "बसनं? का रे, गाडीला काय झालं?"

"काही नाही. विकली."

"अरेरे... घरी सगळं ठीक आहे ना?"

आता याला काय सांगणार! मला हसू आवरेना. पण फोन ठेवल्यावर वाटलं, की त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडे ठरावीक वयाचा आणि ठरावीक पगाराचा माणूस बसच्या रांगेत दिसला, की त्याच्यावर काहीतरी संकट आलं असणार असं लोक धरूनच चालतात. लोकलचं तसं नाही. लोकलनं साहेबही जातो आणि शिपाईही, कारण लोकल वेळ वाचवते. बसनं जाणारा मात्र एक तर म्हातारा, नाहीतर शाळकरी, नाहीतर ज्याला दुसरं काही परवडत नाही असा. मीसुद्धा तेरा वर्षं हेच समजत होतो. आज त्या तेरा वर्षांबद्दल लिहायचंय.

माझं लहानपण परळचं. दर रविवारी आम्ही माहीमला आत्याकडे जायचो, आणि आत्याकडे जाण्यातला अर्धा आनंद डबलडेकरचा असायचा. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची, काचेसमोरची सीट मिळाली, की त्या दिवशी मुंबईचे महापौर आम्हीच! झाडांच्या फांद्या काचेवर आपटायच्या आणि आम्ही उगाचच खाली वाकायचो. बसच्या पुढच्या पाटीवर नंबर मराठीत असायचा. शाळेत जायच्या आधी मी आकडे शिकलो ते पाटीवर नाही, बसच्या कपाळावर. लांबून नंबर ओळखून "आली, आली!" असं ओरडायचं काम घरात माझ्याकडे होतं.

आणि कंडक्टर! गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि तो टिकटिक वाजणारा पंच. दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. एवढ्या दोन शब्दांच्या भाषेत ती अवाढव्य गाडी चालायची. डबलडेकरला दोन कंडक्टर असत, एक खाली, एक वर. तिकिटं रंगीबेरंगी. आम्ही ती जपून ठेवायचो, नंबरातल्या आकड्यांची बेरीज करून आपला दिवस कसा जाणार ते ठरवायचो. पुढे मशीनं आली, पांढऱ्या कागदावर छापील तिकीट आलं. बेरजा संपल्या.

असो. हे सगळं आठवणींचं झालं, आणि बसबद्दल लिहायला बसलेला प्रत्येक जण आठवणींतच अडकतो. १५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी झाली तेव्हा लोकांनी तिला हार घातले, फोटो काढले. अंधेरीच्या आगरकर चौकातून निघणाऱ्या ४१५ नंबरच्या मार्गावर ती शेवटची धावली. फोटो मीही पाहिले, मलाही गलबलून आलं. पण मग मनात एक आगाऊ प्रश्न आला. हार घालणाऱ्यांतले किती जण गेल्या वर्षभरात एकदा तरी बसमध्ये चढले होते? आपल्याला बस आवडते ती आठवणीतली. रस्त्यावरची बस आपल्याला गाडीच्या पुढे आलेली आवडत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं, तर बसनं मला काय दिलं हे मला २६ जुलै २००५ ला कळलं. तेव्हा मी कलिन्याला नोकरी करायचो आणि राहायला चेंबूरला. सांताक्रूझ-कुर्ला डबलडेकर आणि कुर्ल्याहून दुसरी बस, असा रोजचा प्रवास. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा दुसऱ्या दिवशी कळला. आम्हाला एवढंच कळत होतं, की चार वाजता बस थांबली आहे आणि पाणी पहिल्या पायरीवर आलंय. सात वाजेपर्यंत ते खालच्या सीटांना लागलं. खालचे सगळे वर आले. बसण्याच्या जागेवर तीन-तीन, मधल्या वाटेत उकिडवे, जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक. मोबाइल लागत नव्हते. घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी, त्यांचं काय झालं असेल या विचारानं पोटात गोळा आला होता.

माझ्या शेजारी एक बोहारीण होती, भांड्यांच्या टोपलीसकट. समोर कॉलेजातल्या दोन मुली. मागे एक मौलवीसाहेब, एक टाय लावलेला सेल्समन आणि डब्याच्या पिशव्या घेतलेल्या तीन बायका. रात्री कुणीतरी बिस्किटांचा पुडा काढला. दोन्ही कंडक्टरांनी तो वाटायचं काम घेतलं, कारण वाटावाटी हे त्यांचंच काम! अर्धं अर्धं बिस्कीट प्रत्येकाला. बोहारणीनं टोपलीतल्या पातेल्यात पावसाचं पाणी धरलं, ते सगळे प्यायलो. त्या मुलींना मधेच रडू फुटलं तेव्हा तिनंच त्यांना जवळ घेतलं. ड्रायव्हर बस सोडून गेला नाही. "गाडी माझ्या ताब्यात आहे," एवढंच म्हणाला आणि वर येऊन आमच्यात बसला. पहाटे पाणी थोडं उतरल्यावर आम्ही साखळी करून खाली उतरलो. मी बोहारणीची टोपली डोक्यावर घेतली होती.

घरी सगळे सुखरूप होते. आणि या अनुभवातून मी काय शिकलो असेन? पुढच्याच वर्षी गाडी घेतली!

हसू नका. बायको म्हणाली, पुन्हा असं अडकायला नको. ते मला पटलं. गाडीही पाण्यात अडकते हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. पण खरं कारण ते नव्हतंच. पगार वाढला होता, ऑफिसातल्या सगळ्यांनी घेतली होती, आणि गाडी घेणं म्हणजे आपण एका रांगेतून सुटून दुसऱ्या रांगेत गेलो असं वाटायचं. रांगेतून सुटलो नव्हतोच. सिग्नलच्या रांगेत रोज तास-तास उभा राहायचो, फक्त एकटा, काचा लावून. बस आडवी आली की हॉर्न वाजवायचो. ज्या बसच्या वरच्या मजल्यावर रात्र काढली होती तिलाच!

आमच्या सोसायटीत गाड्या जास्त आणि जागा कमी. (मुंबईत कुठे उलटं आहे?) त्यामुळे मी गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला लावायचो. तिथून दहा पावलांवर बसचा थांबा. हळूहळू गाड्यांची ओळ थांब्यापर्यंत गेली, मग थांब्याच्या पुढे गेली. माझी गाडी नेमकी थांब्याच्या खांबापाशी असायची. सावली चांगली होती तिथे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गोवंडीहून बसनं यायच्या. २०१८ च्या पावसाळ्यात एक दिवस त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी लंगडत आल्या, पाय सुजलेला. बसमधून उतरताना पडल्या होत्या. बायकोनं विचारलं, "कशा पडलात?" त्या म्हणाल्या, "बस थांब्याला लागत नाही ना वहिनी. गाड्या असतात तिथं. मग ती मधेच थांबते, तिथं उतरायचं आणि गाड्यांमधून वाट काढायची. मागून स्कूटर आली, बाजूला व्हायला गेले, पाय घसरला."

मी पेपर वाचत होतो. पेपर खाली केला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी तिथून काढली आणि लांब नेऊन लावली. तिसऱ्या दिवशी त्या जागी दुसरी पांढरी गाडी उभी होती. सावली चांगली होती ना.

पुढच्या वर्षी गाडी दुरुस्तीला फार पैसे मागू लागली, तेव्हा ती विकली. सगळं श्रेय पश्चात्तापाला द्यायला मी तयार नाही. योगायोगानं त्याच जुलैत, २०१९ मध्ये, बेस्टनं किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपये केलं. पाच रुपयांत पाच किलोमीटर! म्हटलं, बघू तर खरं. आणि मी पुन्हा थांब्यावर उभा राहिलो, त्याच खांबापाशी. पहिल्याच दिवशी बस रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मी दोन गाड्यांच्या फटीतून अंग चोरत तिच्याकडे धावलो. काचेतून आतला माणूस माझ्याकडे बघत होता. त्याची नजर मला चांगलीच ओळखीची होती.

त्याच पावसाळ्यात एका रविवारी दादरला निघालो होतो. बसमध्ये चढलो तर मावशी. सायनला लेकीकडे चालल्या होत्या. मला बघितल्यावर त्या खिडकीकडे सरकल्या, म्हणाल्या, "बसा ना दादा." बसलो. आणि बसल्यावर एकदम लक्षात आलं, की दहा वर्षं या आमच्या घरी येतात आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी असे पहिल्यांदाच बसलोय. घरात त्या कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. बसा असं आम्हीही कधी जोर देऊन म्हटलं नव्हतं. बसमध्ये मात्र त्यांनी मला जागा दिली होती.

सायन येईपर्यंत धीर करून म्हटलं, "मावशी, तुम्ही पडलात ना तेव्हा, तिथली एक गाडी माझी होती."

"ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी धुणारा पोरगा आमच्याच गल्लीतला."

"मग बोलला का नाहीत?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काम होतं ना दादा तुमच्याकडं."

आज जे लिहायला बसलोय ते एवढ्या एका वाक्यासाठी. बस सुधारत नाही, तिच्या वाटेतल्या गाड्या हलत नाहीत, याची कारणं शोधायला समित्या कशाला हव्यात? बसमध्ये जे बसतात त्यांना बोलायची सोय नाही. आणि ज्यांना बोलता येतं, ज्यांचं पत्र छापून येतं, ज्यांच्या फोनला नगरसेवक उत्तर देतो, ते सगळे बसमधून केव्हाच उतरलेत. महापालिकेच्या शाळांचं हेच झालं. आपण आपली मुलं काढून घेतली आणि मग शाळा बिघडल्या म्हणून हळहळलो. आपण उतरलो म्हणून बसची अवस्था अशी झाली, आणि अवस्था अशी आहे म्हणून आपण बसत नाही. हे चक्र आपणच फिरवत ठेवलंय.

मुंबईत बस सुरू झाली ती १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. डबलडेकर आली १९३७ मध्ये. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, बेस्ट महापालिकेच्या मालकीची झाली. म्हणजे शहरानं ठरवलं, की लोकांना इकडून तिकडे नेणं हे पाणी पुरवण्यासारखंच आपलं काम आहे. एके काळी बेस्टकडे चार हजारांवर बस होत्या. २०२५ पर्यंत तो आकडा तीन हजारांच्या खाली आला, आणि त्यातल्याही बहुतेक भाडेतत्त्वावरच्या. खाजगी गाड्या मात्र लाखांनी वाढल्या.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "बेस्ट तोट्यात आहे हो!" आहे ना. पण मला सांगा, फुटपाथ नफ्यात आहे का? रस्त्यावरचे दिवे नफ्यात आहेत का? २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं खुला झालेला सागरी किनारा मार्ग हजारो कोटी खर्चून बांधला. त्याला टोल नाही, आणि दुचाकी नि रिक्षांना त्यावर बंदी आहे. तो तोट्यात आहे असं कुणी म्हणतं का? गाडीवाल्यांसाठी केलेल्या खर्चाला विकास म्हणायचं आणि बसवाल्यांसाठी केलेल्या खर्चाला तोटा, ही हिशेबाची कुठली पद्धत? पूर्वी वीज विभागाच्या उत्पन्नातून बसची तूट भरून काढली जायची. ती सोय आटल्यावर दुसरी लावायची, की तिकिटावर हात टाकायचा?

९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं, वातानुकूलित बसचं सहाचं बारा. तुम्हाआम्हाला यात काही वाटायचं नाही, कटिंग चहासुद्धा त्याच भावाला मिळतो. पण मावशींचा हिशेब बघा. महिन्याचे सव्वीस दिवस, येऊन जाऊन, आधी २६० रुपये, आता ५२०. आता त्या येताना बसनं येतात आणि जाताना चालत जातात. "तेवढाच व्यायाम," म्हणतात. दिवसभर चार घरची लादी पुसलेल्या बाईला व्यायामाची गरज आहे असं तुम्हाला वाटत असेल तर माझं बोलणं खुंटलं.

उलट बाजू मला दिसत नाही असं नाही. बसला गर्दी असते, वेळ लागतो, पावसात थांब्यावर भिजायला होतं. माझ्या बायकोचे गुडघे दुखतात, तिला उंच पायरीची बस चढवत नाही, तेव्हा आम्ही टॅक्सी करतो. रात्री उशिरा एकट्या मुलीनं बसनंच यावं असा आग्रह मी माझ्या मुलीलाही करत नाही. उद्यापासून सगळ्यांनी गाड्या विका असंही मी म्हणणार नाही. म्हटलं तरी ऐकणार कोण!

माझं म्हणणं एवढंच, की उशीर बसमुळे होत नाही, बसच्या वाटेत उभ्या राहिलेल्या आपल्यामुळे होतो. एक बस बारा मीटर लांबीची. तेवढ्या लांबीत गाड्या बसतात तीन, आणि बहुतेक गाड्यांत माणूस असतो एक. म्हणजे तीन माणसांना जेवढा रस्ता लागतो तेवढ्यात बस पन्नास-साठ माणसं नेते. हे गणित माझ्या तिकिटाच्या बेरजेपेक्षाही सोपं आहे. मोठ्या रस्त्यांवर बसला स्वतःची मार्गिका द्या आणि थांब्यापाशी उभ्या असलेल्या गाड्या रोजच्या रोज उचला. बाकी बस आपलं आपण बघून घेईल. आणि ज्यांना जमतं त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तरी बसनं जावं. उपकार म्हणून नव्हे. बसमध्ये काय चाललंय हे बोलू शकणाऱ्या माणसांना ठाऊक असावं म्हणून.

२३ मार्च २०२० ला लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या, तेव्हा नर्सना, सफाई कामगारांना, पोलिसांना कामावर नेलं ते बसनंच. तेव्हा आम्ही गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. खालून बस जात होती आणि माझ्या सोसायटीतल्या गाड्या नेहमीप्रमाणे थांब्यावर उभ्या होत्या. टाळेबंदी असल्यानं त्या कुठे जाणारही नव्हत्या, तरी हलवाव्यात असं कुणाला सुचलं नाही. मलाही तेव्हा नाही, आज लिहिताना सुचतंय.

तर त्या संध्याकाळी मित्राकडे गेलो. गप्पा झाल्या, जेवण झालं. निघताना तो म्हणाला, "चल, थांब्यापर्यंत येतो. बघू तरी तुझी बस." वाटेत त्याला मावशींची गोष्ट सांगितली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "आमच्या आईला थांब्यावर खाली उतरवून घ्यायला मी रोज जायचो रे. तिला दिसायचं कमी." त्याची आई जाऊनही आता वीस वर्षं झाली.

बस आली. दादरला नेहमीप्रमाणे गर्दी. दारातच सगळे खोळंबलेले. आतून कंडक्टरचा आवाज आला, "पुढे चला, पुढे चला! पुढे जागा आहे!"

जागा असतेच हो पुढे. दारात अडून राहिलेल्यांना ती दिसत नाही, एवढंच. मी मित्राला हात केला आणि पुढे सरकलो. माझ्यामागे आणखी दोघं आत आले.